कर आणि दान

होळी जवळ आली की अक्कलकुव्याच्या बाजाराचा रंग पालटतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली आदिवासी कुटुंबे सातपुड्यातील आपापल्या पाड्यांकडे परतू लागतात. काठीची राजवाडी होळी डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्यांचे वर्ष सरत नाही. अशाच दिवसांत येथे आमचे दानमहिम्यावर कीर्तन झाले. आरतीनंतर आमचे एक ख्रिस्ती स्नेही, पेशाने शिक्षक, म्हणाले, "बुवा, दानाचे पुण्य सांगितलेत. सरकारात भरलेल्या कराचे काय? त्यातूनही गरिबाची चूल पेटतेच ना?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही.

त्यांच्या धर्मात हा वाद जुना आहे. रोमी बादशहाला कर द्यावा की नाही, या पेचात विरोधकांनी येशूला धरले, तेव्हा त्याने त्यांच्याचकडून नाणे मागून घेतले आणि राजाचे व देवाचे अशी दोन्ही देणी मान्य केली. संत पौलाने रोमच्या मंडळीला कर चुकता करण्यास बजावले. करिंथच्या मंडळीला मात्र दान खुशीचे असावे, सक्तीचे नसावे, असे कळविले. गाठ आहे ती येथेच. एक पक्ष विचारतो, वसूल केलेल्या पैशात करुणा कसली? दुसरा विचारतो, उपाशी माणसाला दात्याच्या लहरीवर का सोडावे? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रात दोन्ही बाजू सांभाळल्या. हलाखीच्या टोकास पोचलेल्या कुटुंबाला राज्याने हात द्यावा, पण करांच्या ओझ्याने प्रजा नागवली जाऊ नये, असा त्यांचा अभिप्राय होता.

१८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुलींना आश्रय दिला, तो देणग्यांच्या बळावर. धर्मांतराचा वाद क्षणभर बाजूस ठेवून संस्कृताच्या अभ्यासकाने या विदुषीपुढे नम्र व्हावे. परंतु १९७२ च्या दुष्काळाला एखादा आश्रम कसा पुरा पडणार? वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी तेव्हा राज्यभर पोचली. १९७५ साली तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला आणि १९७७ साली कायदा झाला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातील हातांना काम देऊ लागला. खडी फोडणाऱ्या बाईला कोणा शेटजीचे उपकार मानावे लागले नाहीत. ती मजुरी हक्काने मागत होती. हजेरीपटांवरील खोट्या नावांच्या तक्रारी झाल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. पण दानाच्या पेट्याही सर्वत्र निष्कलंक असतात असे कोण म्हणेल?

आपल्या शास्त्रांना हे परके नाही. कालिदासाने दिलीपाच्या करग्रहणाला पाणी शोषून पावसाच्या रूपाने परत देणाऱ्या सूर्याची उपमा दिली आहे. आम्ही ती कीर्तनात रंगवून सांगतो, टाळ्या घेतो. आणि बिदागीचा हिशेब विचारला गेला तेव्हा मात्र आम्हीच चाचरलो होतो! मंदिराच्या फलकावर नाव ठळक हवे नि कराच्या पावतीवर आकडा बारीक हवा, ही ओढ आमच्या वाचकांनाही अनोळखी नसावी.

पुढील होळीला त्या शिक्षकांची भेट झाली. कर भरल्याने दान फिटत नाही आणि दान केल्याने कर माफ होत नाही, असे आम्ही त्यांस सांगितले. ते म्हणाले, "हे मला कशाला? देवळात सांगा."

यंदा अक्कलकुव्यात पुन्हा कीर्तन आहे. पूर्वरंगासाठी हाच विषय घेतला आहे.