एका नमुन्यावरून नदीचे निदान होत नाही

वाचकहो, रक्तदाब एकदाच मोजून कोणाला जन्मभराची गोळी सुरू करू नये, हे या सदरात पूर्वी बोललो आहोत. आज तोच नियम आपल्या नद्यांना लावून पाहू. कर्जतकरांच्या दारावरून उल्हास वाहते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. खोपोली-खालापूरकरांची पाताळगंगा रसायनी, आपटा, खारपाडा ओलांडून धरमतरच्या खाडीत जाते. पावसाळ्याच्या तोंडावर अनेक घरांतून एकच प्रश्न येतो : "डॉक्टर, पाणी तपासलेले आहे म्हणतात. मग आईला तसेच द्यायला हरकत नाही ना?"

हरकत आहे. ती का, हे समजण्यासाठी नदीची तपासणी कशी होते ते पाहावे लागेल.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. नद्या आणि खाड्यांवरील ठरावीक ठिकाणांहून ते पाण्याचे नमुने घेत असते. त्यात पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतात. त्यावर मासळी जगते. दुसरा आकडा बीओडीचा. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातील, याचा तो अंदाज. तिसरा विष्ठेतून आलेल्या जिवाणूंचा. नदी स्नानाला योग्य ठरण्यासाठी प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत, फार तर २५००. पिण्याच्या पाण्याचे मानक मात्र सांगते की, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. तेव्हा "नदीचा अहवाल चांगला आहे" असे ऐकलेत, तर तो स्नानापुरता चांगला की पिण्यापुरता, हे आधी विचारा. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते आणि आपल्या या दोन्ही नद्या त्यांत होत्या.

आता वेळेचा मुद्दा. उन्हाळ्यात आपल्या नद्या वाहतात त्या मोठ्या प्रमाणावर वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यावर. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ पासून, तर भिवपुरीचे १९२२ पासून चालू आहे. लोणावळ्याकडच्या धरणांतले, एरवी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेला गेले असते असे पाणी घाटाखाली उतरते, चक्रे फिरवते आणि पाताळगंगेत व उल्हासेत येते. विजेची मागणी दिवसभर सारखी नसते, म्हणून पाणीही सारखे नसते. भरपूर पाणी असताना तेच सांडपाणी पातळ होते. पाणी ओसरले की दाट होते. उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर एकाच माणसाची असते, पण आकडे वेगळे, तसेच हे.

खाडीत याच्या जोडीला भरती-ओहोटी येते. भरतीला खारे पाणी आत शिरते आणि वरून आलेली घाण लगेच समुद्राला न मिळता मागेपुढे झुलत राहते. नमुना भरतीचा की ओहोटीचा, ही नोंद नसेल तर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. खाडीतली कालवे आणि तिसऱ्या हेच पाणी गाळून जगतात, त्यामुळे जिवाणू त्यांच्या अंगात साठतात. वयस्कर माणसांनी, विशेषतः यकृताचा आजार असलेल्यांनी, ती अर्धकच्ची मुळीच खाऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. बीओडीसाठी नमुना २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवावा लागतो. अहवाल हाती येतो तेव्हा ते पाणी केव्हाच खाडीकडे गेलेले असते. म्हणून असे अहवाल वर्षानुवर्षांचा कल पाहण्यासाठी मोलाचे आहेत. आज सकाळी भरलेल्या हंड्याबद्दल ते काही सांगत नाहीत.

त्या हंड्यासाठी वेगळी तपासणी आहे आणि ती गावातच होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही, हे ओ.टी. टेस्टमध्ये पिवळ्या रंगावरून क्षणात कळते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी-संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, हे विचारून ठेवा. ग्रामपंचायतीला पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते, तेही पाहा. (लाल कार्ड कपाटात ठेवण्यासाठी नसते.)

गढूळ पाणी आधी तुरटीने निवळू द्या, कारण गढूळपणात क्लोरीन वाया जाते. मग मेडिक्लोर बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. किंवा पाणी खळखळून उकळा आणि झाकून निववा. उकळण्याने जंतू मरतात, कारखान्यांतून आलेले क्षार व धातू जात नाहीत. म्हणून नदीचे थेट पाणी उकळूनही ज्येष्ठांना देऊ नये.

एवढी खबरदारी कशासाठी? "दोनदाच तर जुलाब झाले," असे सांगत सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन येणारी मुले मी दर पावसाळ्यात पाहतो. उतारवयात तहान कमी लागते आणि मूत्रपिंडांची राखीव शक्ती घटलेली असते. त्यात लघवी वाढवणारी, रक्तदाबाची किंवा मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, तर दोन जुलाबही पुरतात. अशा वेळी ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात घालून घोट-घोट पाजायला सुरुवात करा आणि डॉक्टरांना फोन करा. हृदय वा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर किती पाजायचे, आणि सर्वांच्याच बाबतीत कोणती गोळी थांबवायची, हे तेच ठरवतील. सहा-आठ तास लघवी झाली नाही, उभे राहताच भोवळ आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट पाहू नका. पुराच्या पाण्यात किंवा चिखलात पाय घातल्यानंतरच्या पंधरवड्यात ताप आला, तर ते आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्या एका वाक्यावरून येते.