योजक

निरुपयोगी असा मनुष्य जगांत नाहीं. त्याला योग्य स्थळीं योजणारा तेवढा दुर्मिळ, अशा आशयाचें एक सुभाषित आम्ही शाळेंत मुलांकडून पाठ करून घेत असूं. त्यावरील सचित्र भाष्य पाहावयाचें असेल, तर वाचकांनीं दोन बोलपट पाहावेत. एक परदेशचा, दुसरा आपल्या शेजारच्या नागपूरचा.

पहिला 'मनीबॉल', सन २०११ चा. बेसबॉल हा अमेरिकेंतील चेंडूफळीचा खेळ. सन २००२ मध्यें ओकलंडच्या संघाजवळ खेळाडूंच्या वेतनासाठीं सुमारें ४ कोटी डॉलर होते. न्यूयॉर्कच्या धनाढ्य संघाजवळ १२ कोटींहून अधिक. तेव्हां व्यवस्थापक बिली बीन यानें खेळाडूचें रूप व डौल पाहणें सोडून एवढेंच विचारलें कीं, हा गडी बाद न होतां पहिल्या ठाण्यावर किती वेळां पोंचतो? या हिशेबानें त्यानें इतरांनीं टाकलेले गडी स्वस्तांत घेतले. कोपराच्या दुखापतीमुळें आपली जागा गमावलेल्या स्कॉट हॅटेबर्गला त्यानें दुसऱ्या जागीं उभें केलें, आणि याच हॅटेबर्गच्या टोल्यानें संघानें लागोपाठ विसावा सामना जिंकला. अजिंक्यपद मात्र मिळालें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

दुसरा 'झुंड'. नागराज मंजुळे यांचा हा हिंदी बोलपट ४ मार्च २०२२ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यास आधार आहे तो हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्याचा. सन २००१ मध्यें भर पावसांत वस्तींतील मुलें फुटकी बादली लाथाडीत खेळत होतीं. तें बारसे यांनीं पाहिलें व त्यांना फुटबॉल दिला. त्यांतून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली, आणि तिचे खेळाडू बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेले. बोलपटांत शिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांनीं केली आहे. मुलें मात्र बरीचशीं नागपूरच्या वस्त्यांतूनच निवडलेलीं. त्यांपैकीं अंकुश गेडाम यास सन २०२३ मध्यें पदार्पणाचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. म्हणजे दिग्दर्शकहि योजकच ठरले. बोलपट तीन तासांच्या घरांत जातो, भाषाहि जागोजाग शिवराळ आहे. वडीलधाऱ्यांच्या कानांस ती टोंचेल. तरीहि तो घरांतील सर्वांनीं मिळून पाहावा, असें आमचें मत आहे.

दोन्ही योजकांत एक भेद आहे. बीनपाशीं आंकडे होते, कारण त्याच्या प्रत्येक खेळाडूचें नांव व प्रत्येक खेळी कोणीतरी लिहून ठेविली होती. 'झुंड'मधील मुलांची नोंद असलीच तर पोलिसांच्या दप्तरांत. महाविद्यालय व वस्ती यांच्यामध्यें एक भिंत आहे. पण तिच्याहून उंच भिंत कागदाची. त्यांतील मोनिका ही आदिवासी मुलगी खेळांत निवडली जाते, आणि परदेशीं जाण्यासाठीं आपण कोण हें सिद्ध करण्याकरितां बापलेकीस दारोदार हिंडावें लागतें. हा भाग आम्हांस सामन्यापेक्षां अधिक हृदयस्पर्शी वाटला.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत हें नवल नव्हे. झरी जामणी, मारेगांव, पांढरकवडा या बाजूस कोलाम व गोंड यांचे पोड आहेत. तेथील मूल शाळेंत आलें म्हणजे बाप म्हणे, 'त्या सालच्या पोळ्याला झाला.' मग गुरुजी दाखलखारीज पुस्तकांत अंदाजानें १ जुलै लिहीत, आणि तोच त्या मुलाचा कायमचा जन्मदिवस होई. दौतींतून टांक उचलणारा तो हात बहुतेक आपल्यासारख्या घरांतला असे. एका ओळीनें कोणाची वाट मोकळी होई, कोणाची अडे. योजकाचें काम मैदानावर सुरू होण्यापूर्वीं असें वहींत सुरू होतें.

आतां कायदा अधिक कडक झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढें जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेश, पारपत्र इत्यादि कामीं जन्मतारखेसाठीं जन्माचा दाखलाच लागतो, आणि जन्म एकवीस दिवसांच्या आंत नोंदवावयाचा असतो. ज्याचा दाखला नाहीं, त्याच्या हातीं उद्यां कोणी फुटबॉल दिला तरी तो पारपत्राच्या दारांतच अडेल.

म्हणून आमच्या वाचकभगिनींस एक विनंती. घरीं कामास येणाऱ्या बाईच्या तान्ह्याचें नांव नोंदविलें आहे कीं नाहीं, हें तिला विचारावें. नसेल तर घरांतील शिकलेल्या मुलानें किंवा सुनेनें अर्ज लिहून द्यावा व ग्रामपंचायतींत किंवा नगरपरिषदेंत तिच्याबरोबर जावें. मुदत टळली असेल तरी विलंबशुल्क भरून नोंद होऊं शकते. तें मूल पुढें खेळाडू होईल कीं शिक्षक, हें आज कोणीहि सांगूं शकत नाहीं. अर्ज मात्र आजच लिहितां येतो.