वारी, गुडघे आणि किडनी

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना गुडघे दुखतातच. मग दिंडीतली दुखण्याची गोळी प्रसादासारखी वाटली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. घामाने अंगातले पाणी आटले असेल तर अधिकच. धडधाकट माणसाचे एखाद्या गोळीने सहसा बिघडत नाही. पण किडनी कायमची निकामी होण्याची मुख्य कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. साठीच्या अनेक वारकऱ्यांना हे आधीच जडलेले असतात. त्यात गुडघ्यांसाठी वर्षभर गोळ्या! किडनी बराच काळ कुरकुरत नाही. सूज, धाप येते तोवर बहुतेक काम थांबलेले असते. प्रस्थानाआधी रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. औषधपेटी सांभाळणाऱ्यानेही गोळी देण्याआधी साखर आणि रक्तदाबाचे विचारावे.