बायसन, म्हैस आणि आपला गवा

अमेरिकेच्या माळरानावर धावणारा केसाळ, दाढीवाल्या जनावरांचा कळप टीव्हीवर दिसला की घरात कोणीतरी हमखास म्हणते, ‘बघा, रानम्हशी!’ यात चूक तुमची नाही. युरोपातून तिकडे गेलेल्या लोकांनीच त्या जनावराला ‘बफेलो’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटले. खरे तर तो बायसन. म्हशीशी त्याचे नाते दूरचे.

बायसन दोनच प्रकारचे: एक उत्तर अमेरिकेतला, दुसरा युरोपातला. दोन्ही थंडीच्या मुलखातले. खांद्यावर मोठे वशिंड, डोक्यावर आणि छातीवर दाट केस, हनुवटीखाली दाढी आणि आखूड शिंगे ही त्यांची ओळख. वशिंडातल्या स्नायूंच्या बळावर बायसन भले मोठे डोके नांगरासारखे फिरवून बर्फ बाजूला सारतो आणि खालचे गवत खातो.

म्हशी उष्ण प्रदेशातल्या. अंगावर केस विरळ आणि वशिंड नाही. आपल्या गोठ्यातल्या म्हशीला घाम फार कमी येतो, म्हणून ती डबक्यात डुंबते. तिचे रानटी भाऊबंद आसामच्या काझीरंगात आहेत. त्यांची लांब शिंगे कोयत्यासारखी मागे वळलेली असतात. आपल्या गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या रानातही थोड्या रानम्हशी उरल्या आहेत. आफ्रिकेतली म्हैस वेगळीच. नराची शिंगे कपाळावर एकत्र येऊन शिरस्त्राणासारखी दिसतात. तिला माणूस आजवर माणसाळवू शकलेला नाही.

मग राधानगरीचा गवा कोण? इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला ‘इंडियन बायसन’ म्हटले, गावात त्याला ‘गवा रेडा’ म्हणतात. पण तो बायसन नाही आणि रेडाही नाही. तो गाय-बैलांच्या कुळातला. पाठीवर उंचवटा आणि चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, ही त्याची खूण. गोव्याचा तो राज्यप्राणी आहे.

माणसाच्या हातून या जनावरांचे काय झाले, तेही मुलांना सांगायला हवे. अमेरिकेत कोट्यवधी बायसन होते. कातड्यांचा व्यापार आणि बेसुमार शिकार यांमुळे एकोणिसावे शतक संपताना काहीशेच उरले. १९०२ साली यलोस्टोन उद्यानात जेमतेम दोन डझन होते. राखण केल्यावर आज तिथे काही हजार आहेत. युरोपातले रानातले बायसन तर १९२७ पर्यंत संपलेच होते. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास करून ते पुन्हा रानात सोडले गेले.

आपल्याकडे ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा शिरला. मोबाइल घेतलेली गर्दी मागे लागली आणि तो वाट फुटेल तिकडे पळत सुटला. अखेर त्याला भूल देऊन पकडले, पण तो वाचला नाही. त्याने कोणाचे काय बिघडवले होते?

कोल्हापूर, सिंधुदुर्ग, रत्नागिरीत गवे शेतात उतरतात. पिकाचे नुकसान होते, हेही खरे. पण गवा दिसला तर ओरडू नका, दगड मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. मुलांना घरात घ्या, कुत्री बांधा, त्याला परतीची वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याला कळवा. मोकळी वाट मिळाली तर तो बहुधा आल्या पावली रानात जातो.