हप्ता आणि हंगाम

मृगाचा पाऊस पडून जमिनीत ओल उतरली की कोरडवाहू शेतकऱ्याला लागणारा पैसा त्याच आठवड्यात लागतो; नंतर मिळून उपयोग नसतो. २०२५च्या खरिपात बीटी कपाशीच्या एका पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती आणि डीएपीची पन्नास किलोची गोणी १,३५० रुपयांना होती. एक पाकीट बियाणे आणि एक गोणी खत घेतले तरी सव्वादोन हजार रुपये झाले. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा एक हप्ता दोन हजारांचा असतो. म्हणजे साधारण एका एकराच्या लागवडीची सुरुवात त्यातून होऊ शकते. मात्र तो हप्ता सात जूनला खात्यावर असणे आणि सात ऑगस्टला असणे यांत फार मोठे अंतर आहे. थेट रोख मदतीने शेतकऱ्याचे आयुष्य किती बदलले, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या अंतरात दडलेले आहे.

ही योजना २०१९च्या हंगामी अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथून तिचा प्रारंभ झाला. वर्षाला सहा हजार रुपये, दर चार महिन्यांनी दोन हजार. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतचे शेतकरीच पात्र होते. त्याच वर्षी ही मर्यादा काढून प्राप्तिकर भरणारे आणि इतर काही वर्ग वगळता सर्व जमीनधारक कुटुंबांना तीत सामावून घेण्यात आले. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान निधी' जाहीर करून तेवढीच भर घातली. राज्यातील पात्र शेतकरी कुटुंबाला अशा रीतीने वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये मिळू लागले. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये होते. त्या तुलनेत ही मदत दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते. तिला खिरापत म्हणून हिणवणारे आणि तिच्यात क्रांती पाहणारे, असे दोघेही या आकड्यापाशी थोडे थांबले तर बरे होईल.

हजार रुपयांत काय होते, हा प्रश्न मुख्यतः शहरात विचारला जातो. गावात त्याचे उत्तर कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत सापडते. बियाणे-खत उधारीवर उचलणाऱ्याला दोन गोष्टी मुकाट्याने मान्य कराव्या लागतात. पहिली, रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. दुसरी अधिक जाचक असते. दुकानदार देईल ते वाण आणि दुकानदार सांगेल ते औषध घ्यावे लागते. शिवाय अनेक ठिकाणी तोच दुकानदार किंवा त्याचाच भाऊबंद आडत्या असल्याने माल निघाल्यावर तो त्याच्याच दारात नेऊन घालावा लागतो. भाव पडलेला असला तरी थांबण्याची सोय राहत नाही. हातात रोख दोन हजार असतील तर ही साखळी तुटत नाही, पण निदान तिचा पहिला दुवा सैल होतो. आपल्याला हवे ते वाण मागून घेता येते, न मिळाल्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येते. पैसे देणे आणि मिंधे होणे यांतला हा फरक अनुदानाच्या हिशेबात कुठे दिसत नाही, परंतु कुटुंबाला तो पक्का ठाऊक असतो.

या पैशाला कोणतीही अट जोडलेली नाही, हेही महत्त्वाचे. खतावरचे अनुदान खत घेणाऱ्यालाच मिळते, विम्याची भरपाई नुकसान झाल्यावरच. येथे मात्र कुटुंब आपली निकड आपण ठरवते. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी योजनेच्या पहिल्या वर्षात उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांची पाहणी केली होती. ऐन हंगामात आलेला पैसा प्रामुख्याने शेतीत गेला, हंगाम टळल्यावर आलेला घरखर्च, शिक्षण आणि औषधपाण्याकडे वळला, असे तीत आढळले. ज्यांना कर्ज सहजी मिळत नव्हते त्यांना अधिक लाभ झाल्याचेही दिसले. घरखर्चात गेलेला पैसा वाया गेला असे मानण्याचे कारण नाही. शाळा उघडताना वह्या घेण्यासाठी शेजारून हातउसने आणावे लागले नाहीत, तर तेवढे कर्ज कमी झालेच. पण शेतीच्या नावाने दिलेल्या पैशाने शेती किती सुधारली, असे विचारायचे असेल तर आधी तो कोणत्या तारखेला दिला हे पाहिले पाहिजे.

ती तारीखच गेल्या काही वर्षांत बेभरवशाची झाली आहे. एप्रिल ते जुलै या कालावधीचा हप्ता खरिपाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. तो २०२१ मध्ये १४ मे रोजी आणि २०२२ मध्ये ३१ मे रोजी जमा झाला. दोन्ही वेळा पेरणीपूर्वी. २०२३ मध्ये त्यासाठी २७ जुलै उजाडला, २०२४ मध्ये १८ जून. आणि २०२५ मध्ये तो २ ऑगस्टला आला. म्हणजे कालावधीच संपून गेल्यानंतर! राज्याचा 'नमो'चा हप्ता तर त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मिळाला. २०२५च्या जून-जुलैत, ज्या दिवसांत मराठवाड्यातील आणि विदर्भातील शेतकरी बियाण्याच्या दुकानासमोर उभा होता, त्या दिवसांत या दोन्ही योजनांचा एकही रुपया त्याच्या हाती पडलेला नव्हता.

याउलट २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमात केंद्राचा एक आणि राज्याचे दोन हप्ते एकदम वितरित झाले. पात्र कुटुंबाला एकाच वेळी सहा हजार! फेब्रुवारीअखेर पेरणी नसते. मार्चमध्ये पीककर्जाचे 'नवे-जुने' करण्यासाठी चार पैसे लागतात, त्यास ही रक्कम काहींच्या उपयोगी पडली असेल. तरी खरीप तेथून तीन महिने दूर होता आणि लोकसभेची निवडणूक जवळ. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला वाशीम येथे पुन्हा दोन्ही सरकारांचे हप्ते सोडण्यात आले. नोव्हेंबरमध्ये राज्यात विधानसभेचे मतदान झाले. बटण दाबण्याच्या सोहळ्यासाठी व्यासपीठ आणि पाहुण्यांची सवड लागते, पेरणीला फक्त ओल लागते. योजनेच्या नियमात चार महिन्यांचा कालावधी लिहिलेला आहे, दिवस लिहिलेला नाही. तो लिहिला तर तिजोरीवर एका पैशाचा जादा भार पडणार नाही. पगार आणि निवृत्तिवेतन ठरल्या दिवशी देणाऱ्या सरकारला हे अशक्य नसावे.

तेलंगणाने १० मे २०१८ रोजी 'रयतु बंधू' सुरू केली तेव्हा हंगामाशी जोडलेली मदत हेच तिचे सूत्र होते : दर एकरी दर हंगामाला चार हजार रुपये, पुढे पाच हजार. तिच्यातही दोष होतेच. क्षेत्राला मर्यादा नसल्याने मोठ्या जमीनदारांना भरघोस रकमा मिळाल्या आणि खंडाने कसणारे कोरडे राहिले. ओडिशाच्या 'कालिया' योजनेने २०१८च्या अखेरीस बटाईदार आणि भूमिहीन कुटुंबांनाही सामावून घेतले होते. आपल्याकडे हा विषय अजून चर्चेलाही आलेला नाही.

महाराष्ट्रात मदत सातबाऱ्याच्या मागे जाते. सातबारा बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावे असतो. निंदणी, खुरपणी, वेचणी या कामांत बाईचा वाटा कितीही असो, दोन हजारांचा संदेश नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेऊन बायकांची नावे सातबाऱ्यावर चढवण्याचा आग्रह धरला, त्याला तीन दशके उलटली. ज्या घरांत तसे झाले तेथे आता एक वेगळाच पेच आहे. 'लाडकी बहीण' योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात. मात्र शेतकरी म्हणून दोन्ही सन्मान निधींचे हजार रुपये घेणाऱ्या महिलेला तेथे फक्त फरकाचे पाचशे दिले जातात. जमीन नवऱ्याच्या नावे असेल, तर त्याचे हजार आणि तिचे दीड हजार असे अडीच हजार घरात येतात. जमीन तिच्या नावे असेल, तर दीडच हजार. सातबाऱ्यावर नाव लावून घेतल्याची ही किंमत!

नाव असूनही पैसा अडतो, हाही अनुभव आहेच. आधार जोडणी, ई-केवायसी, भूमी अभिलेखांची पडताळणी आणि १५ एप्रिल २०२५पासून राज्यात कृषी योजनांसाठी सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांक, अशा चाळण्या एकामागून एक लागत गेल्या. मे २०२२ मध्ये देशभरात दहा कोटींवर कुटुंबांना हप्ता मिळाला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती संख्या आठ कोटींच्या आसपास उतरली. त्यांत प्राप्तिकर भरणारे आणि अपात्र लोक होते, त्यांना वगळणे रास्तच. पण राबून अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेलेला म्हातारा सेवा केंद्रात दोनदा जाऊन परत येतो, तेव्हा प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते. त्यातही पीककर्ज थकलेले असेल, तर काही बँका खात्यातील रक्कम रोखून धरतात अशा तक्रारी वारंवार झाल्या आहेत.

आता या मदतीची मर्यादाही पाहू. राज्यातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. समजा एखाद्या कुटुंबाने तीन एकर सोयाबीन केले आणि एकरी सहा क्विंटल उतारा पडला, तर माल झाला अठरा क्विंटल. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. खुल्या बाजारात दर त्याखालीच रेंगाळत राहिले. क्विंटलमागे सातशे रुपये कमी मिळाले तर अठरा क्विंटलला १२,६०० रुपये गेले. वर्षभराचे सहाही हप्ते त्यात संपतात आणि वर सहाशे खिशातून जातात. खर्चाची बाजू अशीच आहे. बीटी कपाशीचे पाकीट २०१९ मध्ये ७३० रुपयांना होते, सहा वर्षांत ते १७१ रुपयांनी चढले. केंद्राचे सहा हजार मात्र २०१९ मध्ये होते तेवढेच २०२५ मध्ये राहिले. एकत्रित रक्कम पंधरा हजार करण्याचे आश्वासन २०२४च्या विधानसभा निवडणुकीत देण्यात आले होते.

त्याच दुकानासमोर, त्याच जून महिन्यात, दुसऱ्याची जमीन निम्म्या बटईने करणारा एक माणूसही उभा असतो. बियाण्याचा अर्धा खर्च त्याचा, मेहनत सारी त्याची. सन्मान निधी मात्र पुण्यात किंवा औरंगपुऱ्यात राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जमा होतो. मालकाची दानत असेल तर तो त्यातले काही याच्या हातावर ठेवतो; नाहीतर दुकानदार उधारीची वही उघडतो.