फोनची किल्ली कोणाकडे?



प्रात्यक्षिकाचा तास संपला, की अकरावीतला एखादा मुलगा टेबलापाशी घुटमळतो आणि इतर सर्व बाहेर पडल्यावर हळूच विचारतो, "सर, फोन रूट करायला शिकायचंय. शिकू का?" हळूच अशासाठी, की ह्या कामाला काहीतरी चोरटेपणाचा वास आहे अशी त्याची समजूत असते. आमच्यापैकी पुष्कळ शिक्षकांचीही तीच समजूत आहे. मला ती मान्य नाही. मात्र माझे उत्तर नुसते "शीक" एवढेही नसते.

प्रथम हे 'रूट' प्रकरण काय ते पाहू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीचे काम सुरू केले. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र कप्पा असे. दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालता येत नसे. फक्त एका वापरकर्त्याला सगळीकडे मुभा होती. त्याचे नाव 'रूट' आणि क्रमांक शून्य. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने युनिक्सच्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि आज अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात.

आता गंमत पाहा. फोन वापरणारा माणूस बहुधा एकच. मग हे अनेक वापरकर्ते कोण? तर तुम्ही फोनवर घेतलेले प्रत्येक अ‍ॅप! त्या प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळतो. जुन्या वाड्यातली बिऱ्हाडे डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाच्या खोलीला स्वतःचे कुलूप, आणि सर्व कुलपांना चालणारी एक किल्ली मालकाकडे. फोनच्या वाड्यात ही किल्ली, पैसे मोजून फोन विकत घेणाऱ्या तुमच्याकडे नसते. ती मिळवणे म्हणजे रूट करणे.

किल्ली अशी लपवून का ठेवतात? २००८ साली अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. त्याला खरोखरीची बटणे होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लोकांच्या ध्यानात आले, की बटणांवर जे टाइप करावे ते रूटच्या आज्ञापटलाकडेही जात आहे! ओळीवर नुसता 'रीबूट' हा इंग्रजी शब्द लिहिला, की फोन बंद होऊन पुन्हा सुरू होई. ही चूक लगेच दुरुस्त करण्यात आली. हसू येते खरे, पण त्या शब्दाच्या जागी सगळे पुसून टाकणारी आज्ञा असती तर?

प्रत्यक्ष कृती आता बरीच ठरून गेली आहे. फोन सुरू होताच 'बूटलोडर' नावाची छोटी आज्ञावली जागी होते आणि पुढची आज्ञावली कंपनीच्याच सहीची आहे ना, हे तपासते. हा पहारा आधी उठवावा लागतो आणि तोही कंपनीने मुभा ठेवली असेल तरच. मग फोनच्या 'बूट' भागाची प्रत घ्यायची, मॅजिस्कसारख्या साधनाने तीत बदल करायचा आणि केबल लावून संगणकावरून ती फोनमध्ये घालायची. पहारा उठवताना फोन स्वतःतली सर्व माहिती पुसून टाकतो. हे मुद्दामच केलेले आहे, नाहीतर चोरानेही पहारा उठवून तुमचे सर्व वाचले असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी माझाच फोन समोर घेऊन बसलो होतो. पडद्यावर सूचना आली. मी ती अर्धवट वाचली आणि आवाजाचे बटण दाबून पुढे गेलो. पाचएक मिनिटांनी फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा होऊन समोर आला. त्यात माझ्या वडिलांची चार मिनिटांची एक चित्रफीत होती. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ ते दुरुस्त करीत होते आणि मधेमधे मला काही सांगत होते. वडील आदल्याच वर्षी गेले होते. दुसरी प्रत कुठेही नव्हती. दोष फोनला देता येत नाही, सूचना स्पष्ट होती.

आणखी एक गोष्ट पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. सॅमसंगच्या अनेक फोनांच्या चिपमध्ये एक विद्युत-फ्यूज असतो. परकी आज्ञावली घातली, की तो कायमचा 'उडतो'. घरातल्या फ्यूजची तार बदलता येते, ह्याची येत नाही. मूळ प्रणाली पुन्हा घातली तरी खूण राहते आणि त्या फोनच्या काही सोयी कायमच्या बंद होतात. शिवाय बँकांची पुष्कळशी अ‍ॅप्स रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. तेव्हा आईच्या ज्या फोनवरून किराण्याचे पैसे जातात, त्याला हात लावू नका. कपाटात पडलेला, सिमकार्ड नसलेला फोन घ्या.

'एका बटणात रूट' अशी जाहिरात करणाऱ्या अ‍ॅपपासून मात्र चार हात दूर राहा. अशी आज्ञावली फोनच्या एखाद्या छिद्रातून आत शिरते. म्हणजे तुम्ही किल्ली मिळवत नाही, अनोळखी माणसाला ती करून देता. त्यात शिकण्यासारखे तर काहीच नाही.

शिवाय अनेकांना रूटची गरजच नसते. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने तयार केलेले 'फायफॉक्स' घ्या. फोनचा त्वरणमापक वापरून त्यावर लंबकाचा आवर्तकाल मोजता येतो, तेही रूट न करता.

मग शिकायचे कशाला? आमच्या पाठ्यपुस्तकांत 'वापरकर्त्याचे अधिकार' ही व्याख्या असते, मुले ती पाठ करतात आणि दोन गुण मिळवतात. ज्याने एकदा आज्ञापटलावरचे डॉलरचे चिन्ह जाऊन तिथे हॅश आलेले पाहिले, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. तो मग एखाद्या अ‍ॅपचा बंद कप्पा उघडतो, आणि आपण लिहिलेले टिपण तिथे साध्या अक्षरांत पडलेले त्याला सापडूही शकते. कुणावर किती विश्वास ठेवावा, हे तो तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. आणि पहारा उठवायला मुळीच न देणाऱ्या कंपन्यांबद्दल माझी तक्रार आहेच. दोन-तीन वर्षांनी सुधारणा पाठवणे बंद करायचे आणि दुसऱ्या कुणाला करूही द्यायची नाही, ही मालकी कसली?

गेल्या आठवड्यात आलेल्या मुलाला मी दोन गोष्टी कागदावर लिहून आणायला सांगितल्या. फोनचा नेमका मॉडेल क्रमांक, आणि त्यातले काय काय पुसले जाणार त्याची यादी. यादी घरी सगळ्यांना विचारून करायची. अजून तो आलेला नाही. शुक्रवारी प्रयोगशाळा पाचपर्यंत उघडी असते.