जुन्या पेटी-कॅमेऱ्याची किंमत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या एका विद्यार्थ्यानें माळ्यावर सांपडलेली एक काळी पेटी आम्हांस दाखविण्यास आणली. समोर बारीकसें भिंग, कुशीस फिल्म गुंडाळण्याची किल्ली, पाठीमागें लहानशी तांबडी खिडकी. ती त्याच्या पणजोबांची होती. "सर, शेजारचे काका म्हणतात, हिचे लाख रुपये येतील. खरें काय?" असा त्याचा प्रश्न होता. असा प्रश्न इतर घरांतहि निघण्याचा संभव असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनीं १८८८ सालीं अमेरिकेंत काढलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यास २५ डॉलर पडत. पुढें १९०० सालीं त्याच कंपनीनें 'ब्राउनी' नांवाचा पुठ्ठ्याचा पेटी-कॅमेरा अवघ्या एका डॉलरास विकावयास काढला. जी कला तोंवर सधन लोकांची होती, ती त्यामुळें शाळकरी मुलांच्या हातीं आली. १९०१ सालीं 'नंबर २ ब्राउनी' निघाला. त्याच्यासाठीं काढलेली १२० क्रमांकाची फिल्म आजहि तयार होते.

अशी पेटी ओळखावी कशी? नांव बहुधा हातपट्ट्यावर किंवा पाठीवर ठसविलेलें असतें. आंत पेटंटांच्या तारखा छापलेल्या असल्यास ती पेटीची जन्मतारीख समजूं नये. पेटी त्या तारखेनंतर केव्हां तरी झाली, एवढेंच त्यावरून ठरतें. 'नंबर २' चा सांगाडा पुठ्ठ्याचा असेल तर ती बहुधा आधींची, ॲल्युमिनियमचा असेल तर १९२४ च्या सुमाराची किंवा नंतरची.

आतां किंमत. जुनें तितकें मोलाचें, ही समजूत चुकीची आहे. 'नंबर २' कॅमेरे अनेक वर्षें निघत राहिले व अपार खपले. म्हणून शंभरी उलटली तरी त्यांस बाजारांत मोठा भाव येत नाहीं. उलट १९०० सालच्या अगदीं पहिल्या ब्राउनीचें झांकण जोड्यांच्या खोक्यासारखें सुटें असे. तें निसटूं लागल्यामुळें थोड्याच महिन्यांत बदलण्यांत आलें, आणि म्हणूनच ती पेटी आज दुर्मिळ आहे. मूळचें खोकें व माहितीपत्रक जवळ असल्यास मोल वाढतें; घांसूनपुसून चकचकीत केल्यास तें कमी होतें.

आमच्या विद्यार्थ्याची पेटी 'नंबर २' च निघाली. लाखाचें स्वप्न तेथेंच विरलें. परंतु खरें नुकसान निराळेंच झालें होतें, व त्याचा दोष आमच्याकडे आहे. तांबड्या खिडकींत ७ हा आंकडा दिसत होता. आंत फिल्म असून तिच्यावर सहा-सात चित्रें घेतलेलीं आहेत, हें त्यावरून आम्हीं ओळखावयास हवें होतें. नांव शोधण्याच्या घाईंत आम्हीं पेटी उघडली, गुंडाळी बाहेर काढली आणि कुतूहलानें भर उन्हांत उलगडली. इतक्या जुन्या फिल्मवरूनहि कधीं कधीं चित्रें निघतात, हें आम्हांस मागाहून कळलें. पणजोबांनीं तीं कोणाचीं घेतलीं होतीं, हें आतां कोणासहि कळावयाचें नाहीं. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें गुंडाळी पुन्हां पेटींत ठेविली व पेटी घरीं नेली.

म्हणून आमची पालकांस व विद्यार्थ्यांस विनंति अशी कीं, असा कॅमेरा हातीं आल्यास प्रथम तांबडी खिडकी पाहावी; आंकडा दिसल्यास पेटी न उघडतां जाणत्या छायाचित्रकाराकडे न्यावी. आणि पेटीचा भाव विचारण्यापूर्वीं तिनें घेतलेलीं जीं चित्रें घरांत असतील, तीं घेऊन आजी-आजोबांजवळ बसावें व प्रत्येकाच्या पाठीमागें हलक्या हातानें शिसपेन्सिलीनें नांवें लिहावीं. पेटी बाजारांत दुसरी मिळेल. नांवें सांगणारें माणूस गेल्यावर तीं कोणास विचारावीं?